गुडघे आणि खुबे : पुरावा दोन टोकांना, बाजार मधोमध

गुडघा दुखू लागला की उपायांची यादी न मागताच हातात पडते. तेलाचे मालीश, नी-कॅप, कॅल्शियम, ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, पाया सूप, वंगणाचे इंजेक्शन, स्वतःच्याच रक्तातून तयार केलेले पीआरपी, दुर्बिणीतून सांध्याची सफाई आणि सरतेशेवटी ‘वाट्या बदलणे’. ही यादी एखाद्या जिन्यासारखी भासते. प्रत्येक पायरीला खर्च थोडा जास्त आणि गुणही थोडा जास्त, अशी आपली समजूत होते. गेल्या पंचवीसेक वर्षांत या उपायांच्या काटेकोर चाचण्या झाल्या आणि त्यांतून या समजुतीला धक्का बसला. या जिन्याची सर्वांत खालची पायरी, म्हणजे व्यायाम आणि वजन, भक्कम आहे. सर्वांत वरची, म्हणजे योग्य वेळी केलेला सांधेबदल, तीही भक्कम आहे. डगमगतात त्या मधल्या पायऱ्या, आणि रुग्णांचा पैसा व वेळ सर्वाधिक खर्च होतो तोही तिथेच. गुडघे-खुब्याच्या दुखण्यावरचे उपाय निवडताना हा विरोधाभास ध्यानात ठेवला, तर पुष्कळ वणवण वाचते.

आधी दुखते काय ते पाहू. पन्नाशीनंतरच्या गुडघेदुखीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. बोलीत आपण त्याला सांध्याची झीज म्हणतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, जुनी दुखापत, वाढलेले वजन, पायांची बाकदार ठेवण, आनुवंशिकता अशा कारणांनी ते पातळ होत जाते. पण बिघाड तेवढ्यापुरता राहत नाही. सांध्याच्या कडेने हाड वाढते, आतल्या पडद्याला सूज येते, आणि दुखते म्हणून पाय कमी वापरला गेल्याने मांडीचे स्नायू रोडावतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तसेच चेतातंतूही नसतात. त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतात ते तिच्याखालचे हाड, सुजलेला पडदा आणि सांध्याभोवतालच्या ऊती. कूर्चा किती उरली आणि माणसाला किती त्रास होतो, यांचे गणित म्हणूनच सरळ जुळत नाही. एक्स-रेवर सांधा पार बिघडलेला दिसणारी बाई शेतात दिवसभर राबते, आणि जेमतेम बदल दिसणारा माणूस जिना उतरताना कठड्याला धरतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातले आहे.

फोटोवर विसंबून उपचार ठरवणे का धोक्याचे, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील एका अभ्यासाने फार नेमके दाखवले. तिथे ५० ते ९० या वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांच्या गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली दिसली, त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना आधीच्या महिनाभरात त्या गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. उतारवयात गादीला चीर असणे हे पुष्कळदा केस पिकण्याइतकेच सामान्य असते. अहवालात ‘टेअर’ हा शब्द वाचून धसका घेणाऱ्या रुग्णाला मात्र हे कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ सालची मार्गदर्शक सूत्रे तर असे सांगतात की वय ४५ किंवा त्याहून अधिक असेल, हालचालीने सांधा दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत नसेल, तर ऑस्टिओआर्थ्रायटिसचे निदान करायला फोटोची गरजच नाही. लक्षणे वेगळी असतील, दुसऱ्या आजाराची शंका असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तेव्हा फोटो जरूर हवा.

खुब्याच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच लागते. बरेच लोक ‘खुबा दुखतो’ म्हणताना कमरेच्या बाहेरच्या अंगाला हात लावतात. तिथले दुखणे पुष्कळदा सांध्याचे नसून कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरांचे असते. प्रत्यक्ष खुब्याचा सांधा दुखतो तो बहुधा जांघेत, आणि कधी कधी खुब्याचे दुखणे थेट गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचा फोटो निर्दोष असूनही गुडघा दुखत राहिला, तर खुबा तपासायला हवा. शिवाय आशियात खुब्याच्या दुखण्याचे चित्र पाश्चात्त्य देशांपेक्षा निराळे आहे. बीजिंगमध्ये झालेल्या पाहणीत चिनी स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकी स्त्रियांपेक्षा जास्त आढळली, पण खुब्याची झीज अगदी विरळा. भारतात तरुण वा मध्यमवयीन माणसाचा खुबा दुखतो, तेव्हा आधी विचार करावा लागतो तो एव्हीएनचा, म्हणजे रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा मरत जाण्याचा. अतिमद्यपान आणि स्टेरॉइडचा वापर ही त्याची दोन मोठी कारणे. २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतर आढळलेल्या अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा आजार घराघरांत चर्चेला आला. इथे वेळेवर एमआरआय काढणे मोलाचे ठरते, कारण सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही आणि गोळा खचण्याआधीच काही करण्यासारखे असते.

आता जिन्याच्या तळाशी जाऊ. ‘व्यायाम करा’ हा सल्ला इतका गुळगुळीत झाला आहे की तो उपचार आहे हेच कोणाला पटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत तो शेवटच्या ओळीत असतो. किती, कोणता, किती दिवस, हे लिहिलेले नसते. डेन्मार्कने २०१३ साली सुरू केलेल्या ‘ग्लॅड’ उपक्रमाने याच व्यायामाला औषधासारखी मात्रा ठरवून दिली. आजाराची माहिती देणारी दोन सत्रे, आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अशी सहा आठवड्यांत बारा व्यायामसत्रे. खुर्चीतून उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, तोल सांभाळणे, मांडीचे व कुल्ल्याचे स्नायू बळकट करणे, असे हे साधे व्यायाम. हा नमुना पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडासारख्या देशांनी उचलला. २०२० साली अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत गुडघ्याच्या १५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत फिजिओथेरपी घेणाऱ्यांचे दुखणे एका वर्षानंतर स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा कमी आणि हालचाल अधिक चांगली होती. इंजेक्शन टोचायला पाच मिनिटे लागतात आणि फिजिओथेरपीला काही आठवडे. दोहोंतला निवाडा करताना रुग्ण सहसा पाच मिनिटांच्या बाजूने कौल देतो, यात नवल नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आधीच झिजलेला सांधा वापरला तर आणखी झिजणार नाही का? यंत्राच्या भागाला हे लागू पडते, जिवंत ऊतीला नाही. कूर्चेला रक्तपुरवठा नसल्याने तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो तो दाबाच्या चढ-उताराने, म्हणजे हालचालीने. २०१७ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांना खुब्याची वा गुडघ्याची झीज आढळली, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्क्यांना. स्पर्धेत उतरणाऱ्या धावपटूंमध्ये मात्र हे प्रमाण १३.३ टक्के होते. मुळात ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात, हे खरेच. पण बेताने वापरल्याने सांधा झिजतो, या समजुतीला हे आकडे दुजोरा देत नाहीत. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत झाले तर मात्रा बरोबर, वाढलेलेच राहिले तर मात्रा कमी करायची. उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालणे, बसून फरशी पुसणे यांनी त्रास वाढत असेल, तर कमोड आणि उंच बैठक वापरण्यात कमीपणा नाही. काठी घ्यायची तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आराम सांध्याला हवा असतो तो अशा जागी. सबंध दिवस पलंगावर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यायामाचा गुण तरी किती? २०१५ साली कॉक्रेन संस्थेने गुडघ्यावरील ५४ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा शंभर गुणांच्या मापावर दुखणे सुमारे १२ गुणांनी कमी झाल्याचे दिसले. २०२४ सालची सुधारित आवृत्ती तर हा फायदा माफक आहे आणि प्रत्येकाला तो जाणवण्याइतका असेलच असे नाही, असे म्हणते. हे लपवण्याचे कारण नाही. पण हाच काटा इतर उपायांनाही लावायला हवा. वेदनाशामक गोळ्यांचा फायदाही माफकच, आणि त्यांच्याबरोबर जठरातले व्रण, मूत्रपिंडाची हानी, वाढता रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका येतो. व्यायामाबरोबर येते ती आटोक्यातली साखर, बरा रक्तदाब, न पडता चालण्याची ताकद. शिवाय व्यायामाचा गुण तो चालू असेपर्यंतच टिकतो. सहा आठवडे करून सोडून देणाऱ्याला तो दिसेनासा झाला, तर दोष उपायाचा म्हणता येत नाही. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर आपण गोळीला नावे ठेवत नाही.

व्यायामाला वजन घटवण्याची जोड मिळाली की फायदा माफक राहत नाही. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. स्थूल व्यक्तींवरील अभ्यासात असे आढळले की एक किलो वजन घटले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. अमेरिकेत ४५४ स्थूल रुग्णांवर दीड वर्ष चाललेली ‘आयडिया’ ही चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे वजन दहा टक्क्यांहून थोडे अधिक घटले आणि दुखणे जवळपास निम्म्यावर आले. नुसता व्यायाम करणाऱ्यांना इतका लाभ झाला नाही. आता वजन घटवणारी नवी औषधेही आली आहेत. २०२४ साली सेमाग्लुटाइडच्या ४०७ रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्के घटले आणि गुडघेदुखीही खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाली. औषध महाग आहे, त्याचे दुष्परिणाम आहेत, आणि सडसडीत माणसाच्या गुडघ्याला त्याचा उपयोग नाही. पण भार हलका केला की सांधा कमी दुखतो, हे मूळ तत्त्व त्यातून पुन्हा ठसते. रोजच्या आरामासाठी गुडघ्यावर डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक मलम हा सर्वांत निर्धोक औषधोपचार ठरतो. खुबा खोल असल्याने तिथपर्यंत मलम पोहोचत नाही. गोळ्या घ्याव्या लागल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी दिवस.

आता मधल्या पायऱ्या. दुर्बिणीतून झिजलेल्या गुडघ्याची सफाई एके काळी सर्रास होत असे. २००२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १८० रुग्णांवर एक धाडसी चाचणी झाली. काहींची खरी सफाई केली, काहींच्या त्वचेवर फक्त काप घेऊन टाके घातले. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात खरी शस्त्रक्रिया खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. २०१३ साली फिनलंडमधल्या चाचणीत झिजून फाटलेली गादी छाटण्याबद्दलही तेच आढळले. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. खेळताना नुकतीच फाटलेली गादी किंवा तुटलेला अस्थिबंध ही गोष्ट वेगळी. इंजेक्शनांची कथाही फारशी निराळी नाही. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो. पण दर तीन महिन्यांनी, सलग दोन वर्षे ते देऊन पाहिले तेव्हा दुखण्यात फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र अधिक घटली, असे २०१७ सालच्या चाचणीत दिसले. वंगणाच्या इंजेक्शनचा, म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा, फायदा रुग्णाला जाणवण्याइतका नाही, असा २०२२ सालच्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांवर पीआरपीची तुलना मिठाच्या पाण्याशी केली गेली. वर्षभरानंतर ना दुखण्यात फरक होता, ना कूर्चेत. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची १,५८३ रुग्णांवरील अमेरिकी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत या गोळ्या खोट्या गोळीच्या पुढे गेल्या नाहीत.

‘पण आमच्या ओळखीच्यांना इंजेक्शनने गुण आला’, हा यावरचा स्वाभाविक प्रतिवाद. तो खोटा नसतो. वर सांगितलेल्या ग्लुकोसामाइनच्या चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ६० टक्क्यांना बरे वाटले होते. सांध्याचे दुखणे भरती-ओहोटीने चालते. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो दुखणे टिपेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा उतरणारच असते. त्यात उपचार झाल्याचा दिलासा आणि खर्च केल्याची अपेक्षा मिसळते. म्हणूनच एखाद्याच्या अनुभवावरून उपायाचा निवाडा होत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो. फसवणूक असो वा नसो, खरा तोटा असा की इंजेक्शनमागून इंजेक्शन घेण्यात स्नायू बळकट करण्याची वर्षे निघून जातात. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या झटपट गुणाच्या पुड्यांचा धोका त्याहून मोठा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि स्टेरॉइड खुब्याच्या गोळ्याचे काय करू शकते हे वर आलेच आहे.

जिन्याच्या वरच्या टोकाला चित्र पुन्हा पालटते. जॉन चार्न्ली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात १९६२ साली धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी वापरून आधुनिक खुबेबदलाचा पाया घातला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली या शस्त्रक्रियेला शतकातली शस्त्रक्रिया म्हटले. गुडघ्यासाठी असाच टिकाऊ सांधा १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडला आणि तो घडवणाऱ्यांत मूळचे भारतीय डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे बदलले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली; त्यानंतर ही शस्त्रक्रिया भारतात सर्वतोमुखी झाली. सांधा टिकतो किती? अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली काढलेल्या अंदाजानुसार २५ वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के पूर्ण गुडघे आणि ५८ टक्के खुबे शाबूत असतात. किमतीचा प्रश्नही थोडा हलका झाला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती ५४,७२० रुपये, अधिक कर, अशी ठरली. रुग्णालयाचा बाकी खर्च अर्थातच वेगळा.

मग गुडघा दुखताच तो बदलून का टाकू नये? याचे उत्तर डेन्मार्कच्या १०० रुग्णांवरील एका चाचणीत आहे. हे सारे गुडघा बदलण्यास पात्र ठरलेले रुग्ण होते. अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायाम-आहाराचा कार्यक्रम दिला, उरलेल्यांना फक्त तो कार्यक्रम. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षभरात शस्त्रक्रियेच्या गटाला जवळपास दुप्पट सुधारणा मिळाली. म्हणजे बिघडलेल्या गुडघ्याला शस्त्रक्रियेचा गुण निर्विवाद. पण गंभीर गुंतागुंती त्या गटात २४ आणि दुसऱ्या गटात ६. आणि शस्त्रक्रियेविना राहिलेल्या ५० जणांपैकी वर्षभरात फक्त १३ जणांनी ती करून घेतली. बाकीच्यांचे तूर्त भागले. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला पुढेही दुखत राहते, हेही विसरून चालत नाही. पन्नाशीतच बदललेला सांधा हयातीत पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सत्तरीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून बाक असलेल्या तुलनेने तरुण रुग्णात हाड कापून पायाची रेषा सरळ करणे, किंवा झीज एकाच बाजूला असेल तर अर्धाच गुडघा बदलणे, हे पर्याय तज्ज्ञाला विचारण्याजोगे असतात.

‘थांबलो तर शस्त्रक्रिया अवघड होईल’ या भीतीत तथ्य आहे, पण अर्धेच. पाय पार वाकडा होईपर्यंत, स्नायू पुरते वाळेपर्यंत थांबले, तर नंतरचा गुणही उणा पडतो. मात्र हे हातपाय गाळून थांबण्याचे फळ आहे. जो व्यायाम करत थांबतो त्याची शस्त्रक्रिया टळू शकते, आणि टळली नाही तरी तो बळकट पायाने टेबलावर जातो. दोन-तीन महिने नेमाने व्यायाम केला, गरजेप्रमाणे वजन उतरवले, औषधे जपून घेतली, आणि तरीही दुखण्याने झोप मोडते, घराबाहेर पडणे बंद होते, स्वतःची कामे स्वतः करता येत नाहीत, अशी स्थिती असेल तर मधल्या पायऱ्यांवर रेंगाळण्यात अर्थ नाही. अशा रुग्णाने सरळ शस्त्रक्रियेचा विचार करावा. काही दुखणी मात्र या क्रमात बसत नाहीत. सांधा तापून लाल होणे व ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार न पेलणे, सकाळी तासाहून अधिक आखडलेले राहणे व हातांचे लहान सांधे सुजणे, तरुण वयात जांघ दुखणे, यांपैकी काहीही असेल तर घरच्या व्यायामाने सुरुवात न करता आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्या बहुसंख्य रुग्णांनी पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत याचा फायदा किती, आणि मला नेमून दिलेला व्यायाम मी अजून पुरता केला आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्याची घाई नाही.